नाम, क्रियापद आणि परिणाम : वेब एपीआयच्या दस्तऐवजीकरणातील वर्णनभाषेची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी समीक्षेने कथा, कविता, कादंबरी आणि नाटक यांच्या भाषेची जेवढी दखल घेतली, तेवढी व्यवहारातील गद्याची घेतली नाही. सरकारी परिपत्रक, औषधाच्या वेष्टनातील पत्रक, विमापत्रावरील अटी यांचे गद्य सामान्य माणसाच्या आयुष्यावर रोज परिणाम करीत असते. तरीही ते ‘लेखन’ म्हणून वाचले जात नाही. वेब एपीआयचे दस्तऐवजीकरण हा याच कुळातील एक अलीकडचा गद्यप्रकार होय. एपीआय म्हणजे एका संगणक प्रणालीने दुसऱ्या प्रणालीकडे माहिती मागण्याची अथवा तिच्याकडून एखादे काम करवून घेण्याची ठरवून दिलेली रीत. विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरले की त्याच्या खात्यातून रक्कम वळती होते आणि पावती तयार होते. या दोन घटनांच्या मध्ये अशा अनेक विनंत्या एका प्रणालीकडून दुसरीकडे जात असतात. कोणत्या पत्त्यावर काय मागता येते, कसे मागावे आणि मागितल्यावर काय घडते, हे प्रोग्रॅमरला सांगणारा मजकूर म्हणजे एपीआयचे दस्तऐवजीकरण.

या मजकुराचा गाभा दोन गोष्टींचा असतो : रिसोर्स आणि त्या रिसोर्सवर करता येणाऱ्या कृती. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर नामे आणि क्रियापदे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, नामे व क्रियापदे नोंदविण्यात हे लेखन तरबेज झाले. परंतु क्रियेचा परिणाम सांगणे हे जे त्याचे मुख्य काम, ते मात्र त्याच्या हातून निसटत गेले. याला लेखकाचा आळस जितका कारणीभूत आहे, तितकीच या लेखनासाठी रूढ झालेली चौकटही कारणीभूत आहे.

‘रिसोर्स’ या संज्ञेचा आशय

‘रिसोर्स’ हा शब्द यूआरएल या नावात, म्हणजे वेबवरील पत्त्याच्या नावातच, प्रारंभापासून होता. त्याला सैद्धांतिक बैठक दिली ती रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन येथील शाखेला सादर केलेल्या पीएच.डी. प्रबंधात. ‘रेस्ट’ या नावाने प्रसिद्ध झालेली रचनाशैली याच प्रबंधातील. ज्याला नाव देता येते अशी कोणतीही माहिती रिसोर्स होऊ शकते, असे फील्डिंग मानतात. दस्तऐवज, चित्र, एखाद्या शहराचे आजचे हवामान, इतकेच नव्हे तर माणूसदेखील. त्यांनी दिलेले एक उदाहरण अध्यापकवर्गाला विशेष जवळचे वाटावे. एखाद्या शोधनिबंधाची ‘लेखकाला मान्य असलेली आवृत्ती’ आणि त्याच निबंधाची ‘अमुक परिषदेच्या इतिवृत्तात छापलेली आवृत्ती’ हे दोन भिन्न रिसोर्स आहेत. एखाद्या क्षणी दोहोंचा मजकूर अक्षरशः एकच असेल. पण पहिली आवृत्ती लेखकाच्या मनाप्रमाणे उद्या बदलू शकते, दुसरी बदलू शकत नाही. तात्पर्य, रिसोर्स म्हणजे वस्तू नव्हे. काळाच्या ओघात टिकून राहणारा नावाचा संबंध म्हणजे रिसोर्स.

मराठीत या संज्ञेसाठी ‘संसाधन’ असा प्रतिशब्द योजिला जातो. तो ऐकताच पाणी, जमीन, मनुष्यबळ अशा वापरून संपणाऱ्या गोष्टी मनात येतात आणि फील्डिंग यांचा मूळ अर्थ पार हरवतो. म्हणून प्रस्तुत लेखात ‘रिसोर्स’ हाच शब्द ठेवला आहे.

आता प्रत्यक्ष दस्तऐवजांकडे वळावे. रिसोर्सचे वर्णन म्हणून तेथे बहुधा एक तक्ता आढळतो : क्षेत्राचे नाव, त्याचा प्रकार, ते अनिवार्य आहे की ऐच्छिक. ‘ग्राहक’ या रिसोर्सखाली नाव, ई-मेल, निर्मितीचा दिनांक. हा तक्ता निरुपयोगी नाही. मात्र शोधनिबंधाच्या दोन आवृत्त्यांचे जे उदाहरण वर आले, त्यातील भेद असा तक्ता दाखवू शकत नाही. कारण दोन्ही आवृत्त्यांची क्षेत्रे एकच असतात. कोणती आवृत्ती बदलती आणि कोणती स्थिर, हे वाक्यातच सांगावे लागते. ‘पत्ता’ या क्षेत्रापुढे ‘ग्राहकाचा पत्ता’ एवढेच लिहिले, तर तो आजचा पत्ता की खरेदीच्या दिवशीचा, हा प्रश्न तसाच राहतो. आणि पावतीवरून उद्या वाद झाला तर नेमका हाच प्रश्न उभा राहणार असतो.

क्रियापदांची टंचाई

नामे अगणित, क्रियापदे मोजकी, हे वेबच्या भाषेचे वैशिष्ट्य आहे. एचटीटीपी या संकेताने गेट, पोस्ट, पुट, डिलीट अशी थोडी क्रियापदे दिली. पॅच हे क्रियापद मार्च २०१० मध्ये स्वतंत्र प्रमाणकाद्वारे आले. जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९११० या प्रमाणकात या क्रियापदांचे गुणधर्म सांगितले आहेत. त्यांपैकी दोन गुणधर्म येथे महत्त्वाचे आहेत. गेट हे निर्धोक. म्हणजे ते केवळ वाचते, मागणाऱ्याने त्यातून कोणताही बदल मागितलेला नसतो. पुट आणि डिलीट ही पुनरुक्तिनिरपेक्ष. म्हणजे तीच विनंती एकदा पाठवा वा दहादा, प्रणालीवरील अभिप्रेत परिणाम एकच. पोस्टला असे कोणतेही अभय नाही. दोनदा पाठविले तर दोनदा पैसे कापले जाण्याची शक्यता राहते.

हे भेद केवळ पुस्तकी नाहीत, याचा दाखला २००५ साली मिळाला. त्या वर्षी मे महिन्यात गूगलने ‘वेब ॲक्सिलरेटर’ नावाचे साधन वापरात आणले. वाचकाने दुवा दाबण्यापूर्वीच पानावरील दुव्यांमागची पाने ते आणून ठेवीत असे. अनेक वेब प्रणालींत ‘काढून टाका’ हा दुवादेखील गेटनेच चालत असे. साधनाने तोही दुवा आगाऊ ‘वाचला’ आणि नोंदी नाहीशा झाल्या. बेसकॅम्प या प्रणालीच्या वापरकर्त्यांना याचा फटका बसल्याचे त्याच वेळी प्रसिद्ध झाले. साधनाने प्रमाणकाचे पालन केले होते. शब्द वाचण्याचा होता आणि त्यामागची कृती पुसण्याची.

क्रियापदे मोजकी असल्याने प्रत्येक क्रियापदावर अर्थाचा मोठा भार पडतो. ट्विटरच्या (२०२३ पासून एक्स) जुन्या एपीआयमध्ये नवे ट्वीट प्रसिद्ध करण्याच्या कृतीचे नाव ‘स्टेटसेस अपडेट’ असे होते. नावावरून जुने ट्वीट दुरुस्त होत असावे असे वाटते. प्रत्यक्षात नवी नोंद निर्माण होते. या नावाला एक तर्क आहे. वापरकर्त्याच्या दृष्टीने त्याची ‘स्थिती’ अद्ययावत होत असे, म्हणून ‘अपडेट’. नाम कोणते धरले यावर क्रियापदाचा अर्थ ठरतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. पुढील आवृत्तीत हीच कृती ‘ट्वीट्स’ या समूहावरील पोस्ट म्हणून मांडली गेली आणि संदिग्धता गेली.

गिटहबच्या एपीआयमधील ‘स्टार’ देण्याची कृती अधिक विचारपूर्वक घडविलेली आहे. एखाद्या प्रकल्पाला स्टार देण्यासाठी पुट, काढण्यासाठी डिलीट, आणि स्टार दिला आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याच पत्त्यावर गेट. उत्तर २०४ आले तर स्टार आहे, ४०४ आले तर नाही. एरवी ‘सापडले नाही’ अशी तक्रार करणारा ४०४ हा अंक येथे शांतपणे ‘नाही’ असे उत्तर देतो. ही कलाटणी अंकाखाली लिहिलेल्या एका वाक्यामुळेच समजते. ते वाक्य काढून टाकले तर दक्ष प्रोग्रॅमरदेखील त्याला बिघाड समजेल.

कर्ता नसलेली वाक्ये

या गद्याची वाक्यरचनाही न्याहाळण्यासारखी आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने जावा भाषेतील टिपांसाठी घालून दिलेल्या नियमांत आज्ञार्थाऐवजी तृतीयपुरुषी वर्णन करावे असे सांगितले आहे : ‘गेट’ नव्हे, ‘गेट्स’. गूगलच्या लेखनशैलीपुस्तिकेतही एपीआयच्या वर्णनासाठी वर्तमानकाळी क्रियापदाने सुरुवात करण्याची शिफारस आहे. यातून ‘क्रिएट्स’, ‘डिलीट्स’, ‘रिटर्न्स’ असे कर्ताहीन वाक्य जन्मास आले. इंग्रजीत ते खपून जाते. मराठीत उतरविताना मात्र भाषा लेखकाला अडविते. ‘ग्राहक पुसतो’ असे लिहिले तर ग्राहकच काही पुसत आहे, किंवा चौकशी करीत आहे, असा अर्थ होतो. ‘ग्राहकाची नोंद पुसली जाते’ असे म्हणताच पुसले जाते ते नेमके काय, हे सांगणे भाग पडते : ग्राहक नव्हे, त्याची नोंद. इंग्रजी वाक्याने झाकलेला प्रश्न मराठी वाक्याने उघडा पाडला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

जावाच्या त्याच नियमांत आणखी एक सूचना आहे. टीप जर कृतीच्या नावाचीच वाक्यरूपात पुनरावृत्ती करीत असेल, तर ती वाचकाला काहीच देत नाही, अशा आशयाची ही सूचना आज सर्वाधिक दुर्लक्षिली जाते.

दोन चौकटी

गेल्या दशकाच्या आरंभी या लेखनासाठी दोन चौकटी समोरासमोर होत्या. प्राग येथे उदयाला आलेल्या एपिअरी या कंपनीने ‘एपीआय ब्लूप्रिंट’ ही पद्धत आणली. तिची भाषा मार्कडाउन, म्हणजे साध्या गद्याला किंचित खुणा करून लिहिण्याची रीत. शीर्षकात रिसोर्स, त्याखाली परिच्छेद. उपशीर्षकात कृती, त्याखाली परिच्छेद. मग विनंती व उत्तराचे नमुने. ‘रिसोर्स’ व ‘कृती’ या संज्ञा या चौकटीच्या व्याकरणातच होत्या. लेखक प्रथम माणसासाठी लिहीत असे आणि यंत्र त्यातून आपल्या कामापुरते वेचून घेत असे.

दुसरी चौकट ‘स्वॅगर’. ती २०१५ साली लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली, ‘ओपनएपीआय’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २०१७ पर्यंत तिची ३.० ही आवृत्ती आली. त्याच वर्षी एपिअरी ओरॅकलच्या ताब्यात गेली. स्पर्धेचा निकाल स्पष्ट आहे : ओपनएपीआय सर्वत्र रूढ आहे, ब्लूप्रिंट मागे पडली. ओपनएपीआयमध्ये ‘रिसोर्स’ नावाचा घटकच नाही. तेथे पत्ते आहेत, पत्त्याखाली क्रियापदे आहेत आणि क्षेत्रांचे आराखडे आहेत. फील्डिंग यांनी ज्याला नावाचा संबंध म्हटले, ते सांगण्यासाठी ठरलेली जागा उरली नाही.

या चौकटीतील एक बाब तर उपरोधिक आहे. ३.० आवृत्तीत कृतीचे वर्णन ऐच्छिक आहे. उत्तराचे वर्णन मात्र अनिवार्य. हेतू स्तुत्य. परिणाम असा की, ‘ओके’ किंवा ‘यशस्वी उत्तर’ एवढे लिहून अनिवार्यता पार पाडली जाते. पायथनमधील फास्टएपीआय हे लोकप्रिय साधन तर काहीच लिहिले नाही तरी हा मजकूर स्वतःच भरून देते आणि कृतीचे शीर्षक फंक्शनच्या नावावरून तयार करते. ‘रीड आयटेम्स’ या नावाच्या फंक्शनला ‘रीड आयटेम्स’ हे शीर्षक मिळते. पान भरलेले दिसते. परीक्षेत प्रश्नच उत्तर म्हणून पुन्हा लिहिणारा विद्यार्थी अध्यापकांना परिचित आहे. येथे तेच काम यंत्र करते आणि त्याला पूर्ण गुण मिळतात.

तरीही ब्लूप्रिंटचे गोडवे गाणे योग्य नव्हे. एपिअरीचा जो नमुना शिकाऊंना दिला जाई, त्यात मतदानाचे एपीआय आहे : प्रश्न, त्याचे पर्याय, आणि पर्यायाला मत देण्याची पोस्ट कृती. कृतीखालचे वर्णन एवढेच सांगते की या कृतीने प्रश्नाच्या पर्यायाला मत देता येते. शीर्षक वाचलेल्याला हे आधीच ठाऊक होते. त्याच व्यक्तीने दुसऱ्यांदा मत दिले तर? मत बदलता येते का? उत्तराचा अंक २०१, म्हणजे ‘निर्माण झाले’. पण निर्माण काय झाले, हे सांगितलेले नाही. गद्यासाठी मोकळी जागा असूनही गद्य लिहिले गेले नाही. चौकट संधी देते अथवा हिरावून घेते. वाक्य लेखकालाच लिहावे लागते.

पुसणे, रद्द करणे, नाव कमी करणे

उत्तम वर्णन कसे असते, याचा वस्तुपाठ स्ट्राइप या ऑनलाइन पैसे-व्यवहाराच्या सेवेच्या संदर्भपुस्तिकेत सापडतो. ग्राहकाची नोंद काढून टाकण्याच्या कृतीखाली अगदी मोजक्या शब्दांत तीन गोष्टी आहेत : नोंद कायमची जाते, हे मागे घेता येत नाही, आणि त्या ग्राहकाच्या चालू वर्गण्या तत्काळ रद्द होतात. तिसरी गोष्ट विशेष. कृती ‘ग्राहक’ या रिसोर्सवर, परिणाम ‘वर्गणी’ या वेगळ्याच रिसोर्सवर. क्षेत्रांच्या कोणत्याही तक्त्यातून हे कळले नसते.

देयकांच्या बाबतीत हीच पुस्तिका आणखी सूक्ष्म भेद करते. कच्चे देयक पुसता येते. एकदा ते पक्के झाले की पुसता येत नाही, ‘निरर्थ’ ठरवावे लागते. आणि निरर्थ ठरविणे हे पुसण्यासारखेच असले तरी त्यात कागदोपत्री माग शिल्लक राहतो, असे वर्णनातच स्पष्ट केले आहे. महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांच्या कार्यालयांना हा भेद नवा नाही. विद्यार्थी दाखला घेऊन गेला की पटावरून त्याचे ‘नाव कमी’ होते. जनरल रजिस्टरमधील नोंद मात्र खोडली जात नाही. ‘नाव कमी करणे’ आणि ‘नोंद खोडणे’ ही दोन क्रियापदे कार्यालयीन मराठीत स्वतंत्र आहेत, आणि त्यांची गल्लत करणाऱ्या लिपिकाला जाब द्यावा लागतो. एचटीटीपीमध्ये दोहोंसाठी एकच डिलीट.

याच्या तुलनेत गिटहबवरील प्रकल्प काढून टाकण्याच्या कृतीची नोंद पाहावी. तिचा भर ही कृती कोणाला करता येईल, कोणता परवाना लागेल, यावर आहे. त्या प्रकल्पावरून इतरांनी केलेल्या प्रतींचे काय होते, हा प्रश्न वेगळ्या साहाय्यपानांवर हाताळलेला आहे. खाजगी प्रकल्प गेला की त्याच्या प्रतीही जातात. सार्वजनिक प्रकल्प गेला तर प्रती राहतात. प्रोग्रॅमर संदर्भपुस्तिकेत कृती शोधतो, साहाय्यपाने उघडतोच असे नाही. परवानगी कोणाला, हे प्रणालीच्या सोयीचे सत्य आहे. परिणाम कोणावर, हे वाचकाच्या गरजेचे.

आक्षेप आणि नवा वाचक

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की प्रोग्रॅमर गद्य वाचत नाहीत, नमुने पाहतात. हे बव्हंशी खरे आहे. परंतु नमुना यशस्वी विनंतीचा असतो. विनंती दोनदा गेली, निम्म्यावर तुटली, चुकीच्या नोंदीवर पडली, तर काय होते हे नमुना दाखवीत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : गद्य शिळे होते. प्रणाली बदलते, वाक्य तसेच राहते. एपिअरीच्या ‘ड्रेड’ या साधनाने दस्तऐवजातील नमुने प्रत्यक्ष सर्व्हरशी ताडून पाहता येत. पण ‘हे मागे घेता येत नाही’ हे वाक्य ताडून पाहणारे साधन त्यात नव्हते. या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही. वर्णन राखण्याचे काम कोणाचे, हे संस्थेने ठरविल्याशिवाय ते होत नाही, एवढेच म्हणता येते. भारत सरकारच्या २०१५ च्या खुल्या एपीआयविषयक धोरणात नमुना प्रोग्रॅम आणि पुरेशी माहिती यांसह दस्तऐवजीकरण करण्याची अपेक्षा आहे. ‘पुरेशी’ म्हणजे किती, हा प्रश्न तेथेही वाक्य लिहिणाऱ्यावरच येऊन पडतो.

अलीकडे या गद्याला एक नवा वाचक मिळाला आहे. भाषा-प्रारूपांवर आधारलेल्या प्रणाली कृतींची वर्णने वाचून कोणती कृती करावी हे स्वतः ठरवू लागल्या आहेत. अशा प्रणालींसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने जाहीर केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’च्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत प्रत्येक कृतीला खुणा जोडण्याची सोय आली : ही कृती केवळ वाचणारी आहे का, विध्वंसक आहे का, पुन्हा केल्यास परिणाम तोच राहतो का. म्हणजे एवढी वर्षे ऐच्छिक वर्णनात कोठेतरी लिहिली जाणारी, बहुधा न लिहिली जाणारी गोष्ट स्वतंत्र रकान्यात आली. मात्र या खुणा म्हणजे केवळ सूचना आहेत, खात्रीच्या सर्व्हरखेरीज त्यांवर विसंबू नये, असा इशारा त्याच प्रमाणकात आहे. शिवाय ‘विध्वंसक : होय’ एवढ्याने वर्गण्या रद्द होतात हे कळत नाही.

समजा, एखाद्या महाविद्यालयाने आपल्या कार्यालयीन प्रणालीचे एपीआय तयार केले आणि त्यात पटावरून नाव कमी करण्याची कृती ठेवली. चौकटीत शीर्षक भरले जाईल, पत्ता भरला जाईल, ‘यशस्वी उत्तर’ आपोआप येईल. वर्णन मात्र पुढीलप्रमाणे लिहावे लागेल : ‘या कृतीने विद्यार्थ्याचे नाव चालू वर्षाच्या पटावरून कमी होते, जनरल रजिस्टरमधील नोंद कायम राहते आणि तीत दिनांक व कारण यांची भर पडते. नाव आधीच कमी झालेले असल्यास तीच विनंती पुन्हा पाठविल्याने काहीही बदलत नाही. पहिला दिनांकच कायम राहतो. परीक्षा अर्ज दाखल झालेला असल्यास विनंती नाकारली जाते. अर्ज आधी मागे घ्यावा लागतो. ही कृती उलट फिरविता येत नाही. पुन्हा प्रवेश द्यावयाचा असल्यास नवी नोंद करावी लागते.’ या सात वाक्यांपैकी केवळ चौथ्यासाठी, नकाराचे उत्तर म्हणून, ओपनएपीआयच्या चौकटीत निश्चित जागा आहे. उरलेली सहा प्रोग्रॅमरला आपल्या प्रोग्रॅममध्ये सहज सापडणार नाहीत. ती कार्यालयात जाऊन लिपिकाला विचारावी लागतील.